बर्फातली पहिली चाकोरी

२०२५ सालचा जानेवारी, ऐन हिवाळा. इंग्लंडमध्ये डार्बीशरच्या टेकड्यांवर अखेर बर्फ पडला आणि आमच्या चौघांचे फोन एकदम वाजले. त्या दिवसाचं शेवटी सांगतो. आधी बाकीचं.

किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओल्या बर्फातून सायकल नेली की मडगार्डखाली बर्फ साचत जातो. चाक अडलं की कळतं किती साचलाय. तसंच हे. मुग्धा म्हणाली, "नाना, तुम्ही लिहून काढा." मी म्हणालो, "मी सातवी शिकलेला." ती म्हणाली, "मग थोडक्यात लिहा."

मी नॉटिंगहॅमला राहतो. बायको इथे नर्स म्हणून आली, तिच्या मागून मी आलो. त्याआधी साताऱ्याकडे घाटात एसटीची लाल गाडी चालवत होतो, इथे येऊन सिटी बस चालवली. बायकोच्या व्हिसावर आलास, असं पुष्कळांनी ऐकवलं. आलो. स्टिअरिंग माझंच होतं.

आता सत्तरी ओलांडली आहे आणि मी बर्फात सायकल चालवतो. जाड टायरची. टायर माझ्या मांडीएवढा. मराठी मंडळात आम्हाला 'जाड्या' म्हणतात. आम्ही चौघं. सौरभ माझा शेजारी, पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. मुग्धा मुंबईची, फायनान्समध्ये. सायकली जिच्यात घालून नेतो ती व्हॅन तिची. प्रभाताई नागपूरच्या, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आणि मी, सगळ्यांत म्हातारा.

आमची एक रीत आहे. टेकडीवर बंद पडलेल्या दगडखाणीचा जुना रस्ता आहे. तीन वळणं, गाड्या नाहीत. त्यावर ताजा बर्फ असला की पहिल्याने एकट्याने उतरायचं. कोऱ्या बर्फात त्याच्याच चाकाची रेघ उमटते. बाकीचे मागून, त्या रेघेवरून. याला आम्ही पहिली चाकोरी म्हणतो. पाळी वयाने लागते. आधी मी, मग प्रभाताई, मुग्धा, सौरभ, की पुन्हा मी.

ऐकायला पोरखेळ वाटेल. पण इंग्लंडचा बर्फ बेभरवशाचा. एखाद्या हिवाळ्यात पडतच नाही. पडला तर कामाच्या दिवशी पडतो, आणि सुट्टी येईपर्यंत त्याचा चिखल होतो. एक पाळी गेली की पुढची कधी येईल, कोणी सांगू शकत नाही.

*

सायकल आणली तो दिवस. सौरभने नवीन घेतली, जुनी माझ्या दारात आणून उभी केली. म्हणाला, "नाना, ठेवा. अशीच." अशीच मी काही घेत नाही. पैसे मोजले आणि घेतली.

बायको बाहेर आली. तिने सायकलीला एक चक्कर मारली. मग मला एक चक्कर मारली.

"चाकं धष्टपुष्ट आणि वर बसणारा काडी," ती म्हणाली. "उलटं असतं तर शोभलं असतं."

*

हवेवरून सौरभचं आणि माझं पहिलं भांडण झालं.

घाटात गाडी काढायची तर आम्ही सकाळी लोखंडी रॉडने प्रत्येक टायर ठोकायचो. टण्ण आवाज आला तर चाललात. भद्द आला तर गाडी हलवायची नाही. कमी हवेची गाडी बाहेर काढणारा ड्रायव्हरच नव्हे, अशी आमची शिकवण.

आणि सौरभ म्हणतो, हवा सोडा. अंगठा रुतेल इतकी सोडा. "नाना, टायर बर्फावर पसरला पाहिजे. भाकरीसारखा."

"इथे भाकरी थापायला आलोय का?"

त्याच्यासमोर सोडली. घरी जाऊन पुन्हा भरली, टण्ण.

रविवारी खाणीच्या रस्त्यावर पहिल्याच वळणात माझं पुढचं चाक नांगरासारखं बर्फात घुसलं. सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. हँडलवरून पुढे गेलो आणि गुडघ्यांवर उतरलो, हात आपोआप जोडलेले.

मागून मुग्धा आली. "नाना, नमस्कार कोणाला?"

तेव्हापासून ते नमस्काराचं वळण.

सौरभने टायरला हवा मोजायचा गेज लावला. कमी हवेचा वेगळा गेज असतो, तो त्याच्या गळ्यात डॉक्टरच्या नळीसारखा लटकत असतो. काटा विसाच्या पुढे. त्याने तिथल्या तिथे नियम केला. उतरण्याआधी प्रत्येकाचा टायर तपासायचा. काटा दहाच्या वर गेला तर तो टायर कडक. कडक टायरवाल्याने सगळ्यांच्या शेवटी उतरायचं, कारण कडक टायर बर्फ खणून काढतो आणि मागच्यांचा रस्ता नासतो. पाळी त्याची असली तर ती पुढच्याला.

मी म्हणालो, "दोष वळणात आहे."

पुढच्या बर्फाला त्याने गेज लावला. काटा पाचावर. त्याने वर पाहिलं.

मी म्हणालो, "लीक असेल."

*

वळण घ्यायचं कसं, हे मात्र घाटाने मला शिकवलं आहे. टायरबद्दल मी ऐकून घेतो. वळणाबद्दल नाही.

ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेकला बोट लागता कामा नये. वेग आधीच मोडायचा, सीट थोडी खाली घेतलेली असावी, वजन मागच्या चाकावर. सायकल उभी ठेवायची, आडवी पाडायची नाही. हँडल वळवायचं नाही, नुसतं सुचवायचं. आणि नजर जिथे जायचंय तिथे. बर्फात चाक नजरेच्या मागे जातं.

मुग्धा मुंबईत स्कूटर चालवायची. वळण आलं की गाडी कलती करायची, ही तिची सवय. पहिल्या वर्षी ती बर्फात इतक्या वेळा कलती झाली की तिच्या जॅकेटचा एक हात कायम ओला असायचा.

तिसऱ्या वळणावर एकदा रस्त्याच्या मधोमध मेंढी उभी. मी मागून ओरडलो, "मेंढीकडे बघू नकोस, बाजूच्या वाटेकडे बघ."

मेंढीकडे बघू नकोस म्हटल्यावर कोण बघणार नाही? मुग्धाचं चाक रेघेत धरल्यासारखं मेंढीकडे गेलं आणि तिच्या नाकासमोर थांबलं. मेंढी हलली नाही. मुग्धाही हलली नाही.

"नाना, आता कुठे बघू?"

"आता सॉरी म्हण. इंग्लंड आहे."

*

कारपार्कात एकदा कुत्रं फिरवणारा एक गोरा म्हातारा भेटला. माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी लहानच असेल. आमच्याकडे नॉटिंगहॅम-डार्बीकडे सगळ्यांना लाडाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात, तसं म्हणाला, "बिट ओल्ड फॉर दॅट, आर्न्ट यू, मी डक?"

मी म्हणालो, "नो. बाइक इज न्यू."

बायकोने हा किस्सा मराठी मंडळाच्या संक्रांतीला सगळ्यांना सांगितला. लोक हसले. मग एक गृहस्थ तिळगूळ देता देता मला म्हणाले, "नाना, आता या वयात जरा जपून. गोड बोला आणि घरी बसा."

मी तिळगूळ घेतला. म्हणालो, "गोड बोललो. निघतो. बर्फ पडतोय."

*

माझा उजवा गुडघा खराब आहे. क्लचवर आयुष्य गेलं तरी डावा शाबूत, उजवा गेला. डॉक्टरने फोटो काढले, ऑपरेशन सुचवलं. मी नको म्हणालो. मग तो म्हणाला, निदान पडू नका.

घरी येताना बायको म्हणाली, "ऐकलंत ना? पडायचं नाही."

"मी पडत नाही. सायकल पाडते."

"अहो, मग पुढच्या अपॉइंटमेंटला तिला घेऊन जा."

*

सौरभचा एक सांगितला पाहिजे, नाहीतर त्याला वाटेल मी गेजला घाबरतो.

त्याची सायकल म्हणजे देव्हारा. हँडलवर हात घालायला गादीसारख्या जाड पिशव्या, साखळीला हिवाळ्याचं वेगळं तेल, पेडलला टोकदार खिळे. बर्फाच्या आदल्या संध्याकाळी त्याने सायकल गरम पाण्याने धुतली. स्वच्छ सायकल चांगली चालते म्हणे. धुऊन शेडमध्ये ठेवली. शेडमध्ये शून्याच्या खाली थंडी.

सकाळी टेकडीवर तो पेडल मारतोय, पेडल गरागरा फिरतंय, चाक जागेवर. मागच्या चाकातलं पाणी गोठलेलं. सौरभ फोन काढून व्हिडिओ शोधायला लागला. टेकडीवर रेंज नाही.

प्रभाताई शांतपणे आल्या. थर्मास उघडला. आल्याचा चहा होता, गरम, त्यांच्या घरच्यासारखा गोड. त्यांनी तो धार धरून चाकावर ओतला. आम्ही तिघं बघत राहिलो, कारण तो आमचाही चहा होता.

पेडलबरोबर चाक फिरायला लागलं. सौरभ आनंदाने उतरला आणि दुसऱ्या वळणाला चाक पुन्हा गोठलं. या खेपेला साखरेसकट.

उन्हाळ्यापर्यंत त्या सायकलीला मुंग्या यायच्या. प्रभाताई म्हणायच्या, "काहून रे, इंजिन ऑइल बदललं नाही का?"

*

आता प्रभाताईंचं.

तीन हिवाळ्यांपूर्वी पाळी त्यांची होती. खाणीच्या रस्त्यावर घोट्याएवढा कोरा बर्फ, वर ऊन. असा बर्फ मी तोवर पाहिला नव्हता. त्या वर उभ्या राहून हातमोजे नीट करत होत्या.

मी तोपर्यंत सुधारलेला माणूस होतो. हवा सोडायला शिकलो होतो. त्या दिवशी जास्तच सोडली. वर पोचलो आणि एका दगडावरून जाताना पुढचा टायर रिममधून सुटला. फस्स. असा टायर हातपंपाने जागेवर बसत नाही, मोठा पंप लागतो. मोठा पंप खाली व्हॅनमध्ये.

सौरभकडे मी नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "इतकी सोडा असं मी म्हणालो नव्हतो."

मी म्हणालो, "चालत जातो." निघालो. बर्फात उतार चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघ्याची परीक्षा. चार पावलांत तोंडातून आवाज निघाला. मी खोकल्यासारखं केलं.

प्रभाताईंनी स्वतःची सायकल माझ्यासमोर आणली. "नाना, ही घ्या. बसून उतरा. तुमची मी आणते."

"पाळी तुमची आहे."

"गुडघा तुमचा आहे."

मी नको म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. सायकल माझ्या पायाशी बर्फात आडवी ठेवली, माझी धरली आणि रस्ता सोडून बाजूच्या गवतातून चालायला लागल्या, म्हणजे कोरा बर्फ मोडू नये. बाई वळून बघेना. मी करणार काय? बसलो.

खोटं कशाला सांगू, फार सुरेख उतरलो. तिन्ही वळणं. मागे पाहिलं तर वरपासून खालपर्यंत एकच रेघ, कुठे तुटलेली नाही. आयुष्यात इतकं चांगलं उतरलो नव्हतो. दुसऱ्याच्या सायकलीवर, दुसऱ्याच्या पाळीला.

प्रभाताई पुष्कळ वेळाने खाली आल्या, बूट ओले. तोवर सौरभ-मुग्धाही उतरले होते आणि रस्त्याचा चिखल व्हायला लागला होता. दुपारी पाऊस आला.

त्या म्हणाल्या, "मस्त उतरलात जी. वरून दिसत होतं."

*

परतताना व्हॅनमध्ये नवा तंटा. पाळी कोणाची झाली?

सौरभ म्हणाला, "सायकल प्रभाताईंची होती. म्हणजे पाळी त्यांची लागली."

मी म्हणालो, "बसलेला मी होतो."

"नाना, तुमची धरली तर तुमच्या लागोपाठ दोन होतात. मग पुढचं सगळं चक्र बिघडतं."

हा माणूस कामावर काय प्रोग्राम लिहीत असेल, देव जाणे. मुग्धा गाडी चालवत होती. ती म्हणाली, "भांडा, पण हळू. रस्ता ओला आहे."

प्रभाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लागली तर लागली. बर्फ पुन्हा पडेल."

पडला. एका हिवाळ्यात मुग्धाची पाळी झाली. पुढच्यात सौरभची. मग पाळी फिरून माझ्यावर आली. प्रभाताईंची अजून माझ्यामागे.

मी कोणाचं ठेवत नाही. बायकोच्या व्हिसावर आलो, पण पहिल्या पगारापासून घरभाडं मी दिलं. सायकलही अशीच घेतली नाही. आणि हे एक बसलं होतं डोक्यावर.

*

मागच्या दिवाळीला फराळ घेऊन आम्ही प्रभाताईंकडे गेलो. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पुठ्ठ्याची खोकी. त्या मार्चमध्ये रिटायर होणार होत्या. मुलगी लंडनजवळ स्लाऊला, नातू झालेला. तिकडे राहायला जाणार.

"सायकल?" मी विचारलं.

"विकीन. स्लाऊला ना टेकडी, ना बर्फ. गोदामांच्या मधून काय चालवू?"

म्हणजे हा एकच हिवाळा. पाळी माझी. बर्फ पडला तर एकदा पडेल.

बायको स्वयंपाकघरात दिवाळीला आलेल्या त्यांच्या मुलीशी बोलत होती. मी मुद्द्याचं बोललो. "प्रभाताई, या वेळी पहिली चाकोरी तुम्ही घ्या. माझी पाळी तुम्हाला दिली."

त्यांनी चकलीची बशी खाली ठेवली. "नाही जी."

"काय झालं?"

"आमच्या वडिलांनी एकच शिकवलं. हक्काचं सोडायचं नाही, आणि दिलेलं घ्यायचं नाही."

"मग त्या दिवशी मला कशी दिली?"

"पाळी कुठे दिली? सायकल दिली. गुडघा बघून. हॉस्पिटलवाली बाई आहे मी." मग हसल्या. "नाना, तुम्ही तुमच्या पाळीला तुमचं उतरा. उपकार नको."

"उपकार नाही हा. परतफेड आहे."

"त्याला आमच्याकडे उपकारच म्हणतात."

मी चकली खाल्ली. बाई माझ्यापेक्षा कडक. रॉडने ठोकली तर टण्ण वाजेल.

*

तर जानेवारी. बर्फ शनिवारी पडला, रविवारी सकाळी आम्ही निघालो. व्हॅनमध्ये बाकीचे गप्पा मारत होते. मी खिशावर हात ठेवून बसलो होतो. मुग्धा म्हणाली, "नाना पाळीच्या टेन्शनमध्ये आहेत."

वर चढताना सायकली अर्ध्या ढकलल्या, अर्ध्या चालवल्या. माझा टायर पाचावर होता, घरीच मोजला होता. वर पोचलो तर तोच देखावा. कोरा रस्ता, एक ठसा नाही. मेंढीचासुद्धा नाही.

सौरभने थर्मास काढला. मी म्हणालो, "तुम्ही चहा घ्या. मी जरा भिंतीमागे जाऊन येतो." सायकल सोबत घेतली.

मुग्धा म्हणाली, "सायकल कशाला?"

"टेकायला."

त्या टेकडीवर दगडांच्या उंच भिंती आहेत, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या. एकीच्या मागे गेलो. खिशातून हातपंप काढला आणि पुढच्या चाकाला लावला. जाड टायरला हातपंपाने हवा भरणं म्हणजे चुळीने हौद भरणं. भरतोय, भरतोय, टायरला पत्ता नाही. दंड भरून आले. हातमोजे काढले, बोटं लाल.

भिंतीपलीकडून सौरभचा आवाज आला. "नाना, बरं आहे ना?"

"आहे."

थोड्या वेळाने मुग्धा हळूच म्हणाली, "या वयात वेळ लागतो. बाबांनापण लागतो."

मी भरत राहिलो. अंगठ्याने दाबून पाहिलं. मग बोटाच्या टोकाने टिचकी मारली. टण्ण.

बाहेर आलो. सौरभने सगळ्यांचे टायर तपासले. प्रभाताई, सहा. मुग्धा, सहा. तो स्वतः, पाच. माझ्या पुढच्या चाकाला गेज लावला आणि गेज झटकला. पुन्हा लावला.

"नाना. चौदा?"

"असेल."

"परत? इतक्या वर्षांनी?"

"मला कडक आवडतो."

"सोडा ना थोडी. मी पाहिलंच नाही, असं समजू."

"माझी सायकल, माझी हवा. सोडणार नाही."

मुग्धा मध्ये पडली. "नाना, हट्ट नका करू. पाळी जाईल. पुन्हा बर्फ कधी पडेल, माहीत नाही."

"नियम कोणी केला?" मी सौरभला विचारलं.

"मी."

"काय आहे नियम?"

सौरभ बुटाकडे बघत म्हणाला, "काटा दहाच्या वर, तर शेवटी उतरायचं. पाळी पुढच्याला."

"पुढचं कोण?"

प्रभाताई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मी हातमोजे घालायचे विसरलो होतो. मी हात खिशात घातले, तर खिशात पंप.

त्या म्हणाल्या, "म्हणजे आता पाळी नियमाने माझी?"

"नियमाने."

"दिलेली नाही?"

"मी कशाला देऊ? माझी हुकली."

त्यांनी सीट दोन बोटं खाली घेतली. हातमोजे नीट केले, तसेच, तीन हिवाळ्यांपूर्वीसारखे. एकदा खालच्या रस्त्याकडे पाहिलं आणि निघाल्या.

नमस्काराच्या वळणाआधी वेग मोडला, मग ब्रेक सोडून दिले. सायकल उभी, खांदे सैल, नजर वळणाच्या पार. रुंद वळण घेतलं, बाहेरून आत. दुसरं वळण. तिसऱ्यावर मेंढी नव्हती. टायरखाली बर्फ दाबल्याचा आवाज वरपर्यंत येत होता, मग येईनासा झाला. खाली त्या थांबल्या, एक पाय टेकला आणि मागे वळून रस्त्याकडे बघत राहिल्या.

सौरभ आणि मुग्धाही बघत होते. अजून कोणी निघालं नव्हतं.

वरपासून खालपर्यंत एकच चाकोरी होती. प्रभाताईंची.